निरोप नेणारा ब्राह्मण

सकाळी दहाच्या सुमारास अमरावतीच्या राजापेठ चौकात बडनेऱ्याकडून येणाऱ्या ऑटोंची गर्दी होते, दुकानांची शटरं वर जातात आणि त्याच वेळी दोघं-तिघं किन्नर बाजारातून फिरायला लागतात. टाळी वाजते. "दे रे बाप्पा, तुह्या पोट्ट्याचं भलं होईन." दुकानदार गल्ल्यातून दहाची नोट काढतो आणि नकळत मान जराशी झुकवतो. या हाताचा आशीर्वाद फळतो आणि शाप लागतो, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं असतं. तोच हात दुपारी भाड्याची खोली विचारायला आला, तर मात्र खोली कालच गेलेली असते.

या चौकातून अंबादेवीला पायी जाता येतं. देवीची गोष्ट वऱ्हाडात पोरासोरांना पाठ आहे. कौंडिण्यपूरची रुक्मिणी लग्नाआधी देवीच्या दर्शनाला आली आणि इथूनच कृष्णासोबत गेली. भाऊ रुक्मी याने शिशुपाल ठरवला होता, तिच्या मनात दुसराच होता. गोष्ट सांगताना आपण रथ सांगतो, युद्ध सांगतो, रुक्मीची अर्धी मिशी कापल्याचं तर रंगवून सांगतो. ज्याच्यावाचून यातलं काहीच घडलं नसतं, तो माणूस मात्र मागे राहतो. तो म्हणजे रुक्मिणीचं पत्र द्वारकेला पोचवणारा ब्राह्मण. कीर्तनकार त्याला सुदेव म्हणतात. घरातल्या थोरांच्या मर्जीविरुद्ध जाणारा एका मुलीचा निरोप त्याने नेला. पोथी, मुहूर्त, कुळाची अब्रू यांतलं काही आडवं घातलं नाही.

समलैंगिकांच्या हक्कांच्या लढ्यात धर्मातली माणसं कुठे होती, असा प्रश्न आला की मला हा ब्राह्मण आठवतो. कारण या इतिहासात रुक्मी भरपूर सापडतात, आणि सुदेव शोधावे लागतात.

सुरुवात अंबादेवीपासूनच करू. 1927 च्या नोव्हेंबरात, 13 आणि 14 तारखेला, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखी माणसं बाजूने उभी राहिली. देवस्थानच्या विश्वस्तांना विचार करायला वेळ द्यावा म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला. देवळाच्या दारावर पहिली थाप नेहमी बाहेरून पडते, हे अमरावतीने तेव्हा पाहिलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं होतं. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून विल्सन कॉलेज या मिशनरी संस्थेतली गणिताची प्राध्यापकी त्यांना आधीच सोडावी लागली होती. मासिकात वाचक प्रश्न पाठवत आणि कर्वे उत्तरं देत. आडपडदा नाही, उपदेश नाही, वैद्यकाला जे ठाऊक आहे तेवढं सरळ मराठीत. 1934 मध्ये अशाच काही उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्न हस्तमैथुनाचे होते आणि समलिंगी संबंधांचेही. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्याने लेखन अश्लील होत नाही, लोकांना शंका असतील तर जाणकाराने त्या फेडल्याच पाहिजेत, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकाचा आधारही त्यांनी घेतला. खटला ते हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

हे प्रकरण छोटं वाटेल, पण तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहा. 1927 ला अमरावतीत देवळाचं दार मागणारा माणूस 1934 ला मुंबईत समलिंगी संबंधांबद्दल विचारणाऱ्या एका अनामिक वाचकाचा प्रश्न विचारण्याचा हक्क राखायला कोर्टात उभा राहतो. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात तोच माणूस लाखोंना धम्मदीक्षा देतो. आपल्याकडे समलैंगिकांची चळवळ म्हणून काही अस्तित्वात नव्हतं, तेव्हा या विषयावर कोर्टात बोललेला हा वकील पुढे धम्माचा मार्गदाता झाला. आपल्याकडचा पहिला सुदेव शोधायचा तर मी इथे थांबेन.

आता ज्या कायद्याशी पुढचा सगळा झगडा झाला, त्याच्याकडे वळू. वऱ्हाड 1853 पासून नावाला निजामाचं आणि कारभाराला इंग्रजांचं होतं. भारतीय दंडसंहिता 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1862 च्या 1 जानेवारीपासून लागू झाली. तिच्यातल्या 377 कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवायचं काम सरकारकडे दिलं. 'निसर्गक्रम' ही भाषा इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आली होती, आणि तो कायदा तिथल्या चर्चच्या पापकल्पनेतून. म्हणजे आपल्याकडे ज्याला पुढे 'आपली संस्कृती' म्हणून छातीशी धरलं गेलं, ते कलम मुळात दुसऱ्याच्या देवळातून आलं होतं.

मग आधी इथे सगळं आबादीआबाद होतं का? तसं म्हणणंही खरं नाही. स्मृतींमध्ये प्रायश्चित्तं आहेत, समाजात टिंगल होती. पण धर्माच्या अंगणात अनेक तऱ्हांच्या माणसांना जागाही होती. यल्लम्माचे जोगते साडी नेसून परडी घेतात. वारकरी विठ्ठल या पुरुषदेवाला 'माउली' म्हणतो. ज्ञानदेवांची विरहिणी स्त्री होऊन देवासाठी झुरते. आणि आपल्या मोर्शी तालुक्यातल्या ऋद्धपूरची गोष्ट तर खास वऱ्हाडची. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत. गाव त्यांना वेडं म्हणे, महानुभाव पंथ अवतार मानतो. या विरक्त म्हाताऱ्याला एकदा लग्न करायची लहर आली. शिष्यांनी त्यांना दटावलं नाही, शास्त्र काढलं नाही, लग्नाचा सोहळा मांडला. त्या प्रसंगी महदंबेने जी गाणी रचली ते 'धवळे'. आद्य मराठी कवयित्रीची ही रचना, आणि विषय कोणता, तर रुक्मिणीचं लग्न! कुठल्याही शास्त्रात न बसणारं एक लग्न ऋद्धपुरात लागलं आणि मराठीला त्यातून काव्य मिळालं.

यावरून गोविंदप्रभूंना किंवा ज्ञानदेवांना आजच्या अर्थाने समलैंगिकांचे पाठीराखे ठरवणं लबाडी होईल. त्यांच्यासमोर हा प्रश्न या रूपात नव्हताच. एवढंच म्हणता येतं की माणसाच्या वेगळेपणाकडे पाहून फौजदार बोलावण्याची सवय या मातीतल्या धर्माला नव्हती. ती बाहेरून लागली आणि मग अंगात मुरली.

गंमत अशी की ज्यांनी ही सवय लावली, त्यांच्याच धर्मगुरूंनी ती आधी सोडली. 1950 च्या दशकात चर्च ऑफ इंग्लंडमध्ये या विषयावर गंभीर विचार सुरू झाला. डेरिक शेर्विन बेली या पाद्र्याने 1955 मध्ये बायबल आणि समलैंगिकता यांवर ग्रंथ लिहिला. सोडोम नगरीची गोष्ट समलैंगिकतेविरुद्ध वापरली जाते ती चुकीच्या वाचनामुळे, असं त्याने मांडलं. 1957 च्या वुल्फेंडन समितीने प्रौढांचे खासगी, संमतीचे संबंध गुन्हा नसावेत अशी शिफारस केली. आर्चबिशप मायकेल रॅम्झी यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात या बदलाला पाठिंबा दिला. पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच या पाद्र्यांचं म्हणणं होतं. 1967 मध्ये इंग्लंडचा कायदा बदलला. आपल्याला तिथवर पोचायला आणखी 51 वर्षं लागली.

अमेरिकेत चित्र आणखी उघडं होतं. 1964 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टेड मॅकिल्व्हेना या मेथडिस्ट पाद्र्याच्या पुढाकाराने धर्मगुरू आणि समलैंगिक कार्यकर्ते यांची एक परिषद स्थापन झाली. 1 जानेवारी 1965 च्या रात्री परिषदेच्या मदतीसाठी नृत्याचा कार्यक्रम ठेवला, तर पोलीस दाराशी कॅमेरे घेऊन उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढू लागले. दुसऱ्या दिवशी पाद्र्यांनी गळ्यातल्या पांढऱ्या कॉलरसकट पत्रकार परिषद घेतली आणि पोलिसांना जाब विचारला. समलैंगिकांच्या छळाची तक्रार समलैंगिकांनी केली असती तर कुणी छापली नसती. पाद्र्यांनी केली म्हणून शहराने ऐकली. झग्याचा उपयोग असाही होतो.

आपल्याकडे असा झगा कुणी घातला? इथे एक घटना जवळून पाहण्यासारखी आहे. अशोक राव कवी हा मुंबईचा तरुण संन्यास घ्यायला रामकृष्ण मिशनमध्ये गेला. स्वतःच्या मनाशी चाललेल्या झगड्याला मठात उत्तर मिळेल, असं त्याला वाटलं असावं. स्वामी हर्षानंद या ज्येष्ठ संन्याशाने त्याला ओळखलं. मठ ही पळून येऊन लपण्याची जागा नाही, जा आणि आहेस तसा जग, अशा आशयाचा सल्ला देऊन त्यांनी त्याला परत धाडलं. प्रायश्चित्त दिलं नाही, लग्न करून टाक असंही सांगितलं नाही. हाच तरुण पुढे पत्रकार झाला. 1990 मध्ये त्याने 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला, आणि 377 मोडणाऱ्या 2018 च्या निकालात याचिका करणाऱ्यांमध्येही त्याचं नाव होतं. भगव्या वस्त्रातल्या एका माणसाने मठाच्या दारात दिलेला एक निरोप देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

अशी आणखी एक साक्ष शकुंतलादेवींनी नोंदवली आहे. आकडेमोडीसाठी जगभर गाजलेल्या या बाईंनी 1977 मध्ये समलैंगिकांवर पुस्तक लिहिलं. त्यात श्रीरंगमच्या विष्णुमंदिरातले पुजारी श्रीनिवास राघवाचारी यांची मुलाखत आहे. त्यांचं म्हणणं असं, की अशी दोन माणसं मागल्या जन्मी स्त्री-पुरुष म्हणून प्रेमात असणार; देह बदलला, ओढ राहिली. विज्ञान म्हणून हे टिकणार नाही. पण पुजाऱ्याने आपल्याच पोथीतला पुनर्जन्म काढून माणसाला दोषमुक्त केलं, ही रीत मोठी सुज्ञ आहे. 2004 च्या उज्जैनच्या सिंहस्थात एका नियतकालिकाच्या वार्ताहराने साधूंना समलिंगी विवाहाबद्दल विचारलं, तेव्हा कुणी कडाडून विरोध केला, कुणी हरकत घेतली नाही, आणि एका महंतांनी सांगितलं की हिंदू धर्मात नियमांचं एकच पुस्तक नाही आणि अधिकारवाणीने बोलणारे कोट्यवधी आहेत.

लढाई कोर्टात शिरली तेव्हा मात्र रुक्मी एका रांगेत उभे राहिले. 377 ला आव्हान देणारी नाझ फाउंडेशनची याचिका 2001 ची. 2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं 377 रद्द केलं. निकाल देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे. निकालाचा कणा होता आंबेडकरांची संविधानिक नैतिकतेची कल्पना: समाजाला काय आवडतं यावर माणसाचे हक्क ठरत नाहीत. इंद्रभुवन थिएटरमधल्या परिषदेचा अध्यक्ष 82 वर्षांनी दिल्लीत पुन्हा साक्षीला आला होता.

या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांची यादी वाचण्यासारखी आहे. दिल्लीचे ज्योतिषी सुरेशकुमार कौशल, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, काही ख्रिस्ती संघटना, एक सनातन धर्म सभा. एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभी न राहणारी ही मंडळी या एका प्रश्नावर खांद्याला खांदा लावून उभी होती. बाबा रामदेव योगाने हे 'बरं' होतं असं सांगत होते. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने 377 पुन्हा जिवंत केलं.

त्या डिसेंबरात दोन आवाज वेगळे आले. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी स्पष्ट केलं की समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध आहे, पण या माणसांना चर्चने कधी गुन्हेगार मानलं नाही. श्री श्री रविशंकर यांनी हरिहरपुत्र अय्यप्पाचा दाखला देऊन हिंदू परंपरेत हा गुन्हा नव्हता असं सांगितलं. पुढे 2017 मध्ये त्यांनीच ही एक 'प्रवृत्ती' आहे, बदलू शकते, असंही म्हटलं. अर्धा निरोप नेणारेही असतात. पण त्या दिवसांत तो अर्धा निरोपही पुष्कळ होता.

तृतीयपंथीयांची वाट काहीशी निराळी. लिंगओळख आणि लैंगिक ओढ या दोन वेगळ्या गोष्टी असल्या तरी छळ करणाऱ्याने त्यांच्यात कधी फरक केला नाही. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना कायद्याची ओळख दिली. त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी पुढचं पाऊल धर्माच्या अंगणात टाकलं. 2015 मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला, त्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या, 2016 च्या उज्जैन सिंहस्थात आखाड्याची मिरवणूक निघाली आणि 2019 ला प्रयागराजच्या कुंभात 'जुना आखाड्या'च्या सोबतीने शाहीस्नान झालं. जुन्या परंपरांनी आधी नाकं मुरडली. लक्ष्मींच्या राजकीय भूमिकेवर अनेक तृतीयपंथी कार्यकर्त्यांनीही उघड टीका केली. पण आशीर्वादासाठी रस्त्यावर हात पसरायचा आणि गादीवर बसून आशीर्वाद द्यायचा, यांत फरक आहे. तो फरक त्यांनी देशाला दाखवला. दुसऱ्याने निरोप न्यायची वाट न पाहता रुक्मिणी स्वतःच द्वारकेला निघाली, असं म्हणता येईल.

मग 6 सप्टेंबर 2018 आला. पाच न्यायमूर्तींनी एकमताने 377 चा तो भाग रद्द केला. या वेळी पर्सनल लॉ बोर्डाने विरोध न करता निर्णय कोर्टावर सोडला होता, काही ख्रिस्ती संघटना मात्र शेवटपर्यंत विरोधात राहिल्या. 17 ऑक्टोबर 2023 ला विवाहाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: लग्न हा मूलभूत हक्क नाही, हवं तर संसदेने कायदा करावा. तेव्हाही जमियत उलेमा-ए-हिंदसारख्या संघटना विरोधाला उभ्या होत्याच.

पण विदर्भातल्या काही घरांनी कोर्टाची वाट पाहिली नव्हती. 2017 च्या डिसेंबरअखेर यवतमाळच्या एका हॉटेलात तिथल्याच एका तरुणाचं त्याच्या परदेशी जोडीदाराशी लग्न झालं. घरची माणसं हजर होती. 377 तेव्हा जिवंत होतं. चारच वर्षांनी नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी नातेवाइकांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या. यवतमाळ काय, नागपूर काय, अमरावतीहून एसटीने जाऊन संध्याकाळी परत येण्याइतकं अंतर. म्हणजे हा प्रश्न आता मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही.

हिशेब मांडला तर निकाल कडू आहे. आपल्याकडे धर्मसंस्था म्हणून जवळजवळ कुणीही या लढ्याच्या बाजूने उभं राहिलं नाही. संस्था कोर्टात आल्या त्या अडवायलाच. जे उभे राहिले ते एकेकटे होते: मठातला एक संन्यासी, श्रीरंगमचा एक पुजारी, बोलायला धजावलेला एखादा कार्डिनल. दार उघडलं ते संविधानाने. धर्मातल्या मोजक्या माणसांनी फक्त आतून कडी सैल केली होती. पण त्यांना कमी लेखू नये. मठातून परत धाडलेला तरुण निराश होऊन गेला असता, तर पुढचं बरंच काही घडलं नसतं.

1 जुलै 2024 पासून दंडसंहिताच बदलली आणि नव्या संहितेत 377 राहिलं नाही. आता जे उरलंय ते घरात आहे. वऱ्हाडात मुलगा किंवा मुलगी असं काही सांगते, तेव्हा आई वकिलाकडे जात नाही. ती गुरुवारी महाराजांकडे जाते, कीर्तनकाराला गाठते, विहारात भन्तेजींना विचारते, मौलानांकडे किंवा फादरकडे जाते. बहुतेक वेळा तिला ताईत मिळतो, अंगारा मिळतो, नाहीतर 'लवकर लग्न लावून टाका' हा सल्ला मिळतो. त्या लग्नात दोन आयुष्यं जातात, आणि त्यातलं एक बिचाऱ्या परक्या घरच्या मुलीचं असतं.

म्हणून राजापेठेत, अंबादेवीच्या या गावात, धर्माचं काम करणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. अशी आई तुमच्या दारी आली, तर शास्त्र उघडण्याआधी तिला सांगा, "लेकराला जेवायला घरी बोलवा." तुमच्या तोंडून आलेलं हे एक वाक्य ती ऐकेल. आमचं ऐकणार नाही.